चौथ्या बॅचची हिरवी जर्नलं

आमच्या कॉलेजात रोल नंबर प्रवेशाच्या यादीप्रमाणे पडतात. आधी खुल्या प्रवर्गाची यादी लागते, ती मुलं प्रवेश घेऊन मोकळी होतात, मग एकेका राखीव प्रवर्गाची यादी येते. ऑफिसातला क्लार्क येतील तसे अर्ज रजिस्टरात चढवतो आणि त्याच क्रमानं नंबर देतो. त्यात कुणाचा डाव नाही. पण रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस याच नंबरांवरून पडतात, त्यामुळे पहिल्या बॅचमध्ये कोण असणार आणि चौथ्या बॅचमध्ये कोण, हे प्रवेशाच्या दिवसांतच ठरून जातं. सांगलीत विश्रामबागेतल्या या कॉलेजात मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. सव्वीस वर्षं चौथी बॅच शनिवारी दुपारी येते. तोवर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तळाला गेलेला असतो आणि धड ब्युरेटी, म्हणजे तोटीच्या मापनळ्या, आठवडाभरात फुटून गळक्या तेवढ्या उरलेल्या असतात. हे मला माहीत होतं आणि मी त्याचं काही केलं नव्हतं. शनिवारी दुपारी मला तास नसायचा.

गेल्या वर्षी प्राचार्यांच्या टेबलावर एक निनावी पत्र आलं. पत्र कसलं, एक कागद आणि त्यावर पेन्सिलीनं ओढलेले दोन रकाने. एका रकान्यात चौथ्या बॅचच्या मुलांचे लेखी परीक्षेचे मार्क, दुसऱ्यात प्रॅक्टिकलचे. लेखी पेपर विद्यापीठाकडे नाव झाकून जातात, तिथं ही मुलं बाकीच्यांच्या बरोबरीनं होती. प्रॅक्टिकल आमच्याच लॅबमध्ये, समोरासमोर होतं, तिथं मात्र सगळी एका पायरीनं खाली. खाली एवढंच लिहिलं होतं की हे दरवर्षी कसं होतं ते बघावं.

एरवी तो कागद फायलीत गेला असता. पण वर्ष संपल्यावर कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती आणि तिला दाखवायला काही सुधारणा हव्या होत्या. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही परखड आहात, हे तुम्हीच हातात घ्या. आमच्याकडं परखड म्हणजे जिचं एरवी कुणी ऐकत नाही ती. तरी मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

मी एक पद्धत बसवली. परीक्षकांनी मुलांना बघायचंच नाही. मुलं लॅबमध्ये प्रयोग करतील, परीक्षक शेजारच्या खोलीत बसतील. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. तोंडी परीक्षा बंद, त्याऐवजी चिठ्ठी उचलून तीन प्रश्नांची लेखी उत्तरं. वर्षभराचं प्रयोगाचं जर्नल तपासायचं असतं, त्याच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवायची. उत्तरपत्रिका हरवू नये म्हणून ती ज्याच्या-त्याच्या जर्नलमध्ये खोचूनच परीक्षकांकडं न्यायची. ही शेवटची युक्तीही माझीच.

स्टाफ मीटिंगमध्ये पंधरा मिनिटांत सगळं मंजूर झालं. बॅचेस मिसळाव्यात, हेही मी मांडलं होतं. पण वेळापत्रक छापून झालंय म्हणून ते पुढच्या वर्षावर गेलं आणि मी लावून धरलं नाही. नाव झाकायला मात्र सगळे लगेच तयार झाले. आपल्याकडून अन्याय होत नाही अशी प्रत्येकाची खात्री होती, त्यामुळे कुणालाच काही सोडावं लागणार नव्हतं.

नाव झाकायचं मला का सुचलं, ते मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. मी रहिमतपूरची. आमचा ऊस, घरटी एकजण पलटणीत, पंचक्रोशीत आडनाव सांगितलं की पुढं काही विचारावं लागत नाही. साताऱ्याला शिकत असताना शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मला मिळालेलं मीठ, म्हणजे ओळखायला दिलेला क्षार, ओळखता आलं नव्हतं. काहीतरी ठोकून दिलं होतं. तोंडी परीक्षेला बसले तेव्हा परीक्षकांनी नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाची म्हणून विचारलं. माझ्या चुलत्यांना ते ओळखत होते. मग दहा मिनिटं आमच्याकडच्या उसाचं आणि चुलत्यांच्या बैलांचं बोलणं झालं. मिठाबद्दल एक प्रश्न आला नाही. निकालात मला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकीला दोन कमी होते. त्याच मार्कांवर मला पुढं प्रवेश मिळाला, आणि त्या प्रवेशावर ही नोकरी. घरी पेढे वाटले तेव्हा मी मिठाची गोष्ट सांगितली नाही, आणि नंतर ती सांगण्यासारखी वेळ कधी आली नाही.

चौथ्या बॅचमध्ये एक मुलगी होती. जत तालुक्याच्या पार पूर्वेकडची, जिथून कर्नाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घर मेंढपाळांचं. अजूनही वर्षातले काही महिने तिचे वडील मेंढरं घेऊन घाटाकडं जातात आणि उरलेले महिने थोडी शेती बघतात. ती सांगलीत मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची आणि सिटी बसनं कॉलेजला यायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, भेटली की दोन्ही हात जोडणारी.

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका शनिवारी, दुसऱ्या मॅडम रजेवर होत्या म्हणून मला ती बॅच घ्यावी लागली तेव्हा. ती टायट्रेशन करत होती. गळक्या ब्युरेटीच्या तोटीला तिनं बोटानं व्हॅसलिन लावलं होतं आणि शेवटचे थेंब सोडताना ओठांतल्या ओठांत कन्नडमध्ये मोजत होती, ओंदू, एरडू, मूरू. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला त्याच थेंबाला तिनं तोटी बंद केली. मी इतकी वर्षं हा प्रयोग शिकवते, पण माझा हात एवढा स्थिर नाही. मी तिला तसं सांगितलं. ती लाजली आणि तिनं पुन्हा एकदा रीडिंग घेतलं.

त्यानंतर ती अधूनमधून स्टाफरूममध्ये शंका विचारायला यायला लागली. तिला एम.एस्सी. करायचं होतं आणि ते आमच्याच कॉलेजात. कारण साधं होतं, आणि तिनं ते एकदा साधेपणानं सांगितलं. वसतिगृहातली जागा कॉलेजच्या प्रवेशाला बांधलेली होती. इथं सीट लागली तर खोली राहणार, नाहीतर खोली सोडून गावी. गावी गेलं की मेंढरं आणि शेत, पुन्हा सांगलीला यायला काही निमित्त उरणार नव्हतं. तिच्या प्रवर्गाला एम.एस्सी.ची एकच जागा होती. लेखीत ती चांगली होती. प्रॅक्टिकलचे मार्क नीट पडले असते, तर ती जागा तिचीच होती.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी चारही बॅचेसना नवी पद्धत समजावून सांगितली. मुलं खूश झाली. वर्ग सुटल्यावर ती मुलगी मागं थांबली. म्हणाली, "मॅडम, नाव झाकनार हाय, तर जर्नलचं कव्हर बी बदलाया मिळंल का? तपकिरी?"

कॉलेजच्या दुकानात मिळणारी जर्नलं तपकिरी कव्हरची असतात. शिष्यवृत्तीच्या मुलांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या चौथ्या बॅचला, जर्नलं फुकट मिळतात, ती हिरव्या कव्हरची. तो हिरवा रंग मी निवडला होता. काही वर्षांपूर्वी फुकटची जर्नलं बाहेर विकली जातात अशी ओरड झाली, तेव्हा ते खातं माझ्याकडं होतं. फुकटचं जर्नल कुणाच्या हातात आहे हे बघताक्षणी कळावं म्हणून मी गावभागातल्या छापखान्यात जाऊन कागदाचे नमुने बघितले आणि लांबून ओळखू येईल असा रंग काढला. विक्री थांबली. त्या वेळी माझं कौतुकही झालं होतं.

मी तिला म्हणाले, "कव्हरकडं कोण बघतंय? आत काय लिहिलंय ते बघतात."

ती "बरं मॅडम" म्हणाली आणि गेली. मला तिचा थोडा रागच आला होता. इतकं सगळं बसवलं तर हिचं आपलं कव्हराचं, असं वाटलं. फुकट मिळतंय त्यात रंग कसला निवडायचा, असंही मनात येऊन गेलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ते आलं होतं.

परीक्षा शांततेत झाली. बाहेरचे परीक्षक साताऱ्याकडचे होते, वयानं माझ्यापेक्षा मोठे, मृदू बोलणारे गृहस्थ. आतले परीक्षक आमच्याच विभागातले सहकारी. मी संयोजक असल्यामुळे लॅबमध्ये होते, त्यांच्या खोलीत गेले नाही. जायचं नाही असा नियम मीच केला होता. आमचा लॅब अटेंडंट जर्नलांचे गठ्ठे उचलून त्या खोलीत नेत होता आणि तपासलेले परत आणत होता. संध्याकाळी बाहेरच्या परीक्षकांनी जाताना माझं अभिनंदन केलं. असं सगळीकडं व्हायला पाहिजे म्हणाले.

मार्क संगणकावर चढले आणि मी ते बघितले. चौथी बॅच खाली होती. आधीच्या वर्षापेक्षा थोडी जास्तच खाली.

माझा पहिला विचार असा होता की मग ही मुलं खरोखरच कच्ची असतील. हा विचार पुरता एक दिवस माझ्याजवळ होता, आणि मी त्यात आरामात होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा क्रमांक शोधला, तेव्हा मात्र बसून राहता आलं नाही. तिला जेमतेम निम्म्याच्या वर मार्क होते. तपासलेली जर्नलं आणि उत्तरपत्रिका सहा महिने विभागाच्या कपाटात ठेवतात. मी कपाट उघडलं.

तिची उत्तरपत्रिका काढली. टायट्रेशनचं रीडिंग ९.८ होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी स्वतः करून बघितलं होतं, माझंही ९.८च आलं होतं. गणित बरोबर, चिठ्ठीवरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर. लाल पेनानं कडेला लिहिलं होतं, "मांडणी सुधारावी." मग मी दुसऱ्या एका मुलाची काढली. त्याचं रीडिंग आधी ११.१ होतं, ते खोडून १०.२ केलेलं होतं, आणि त्याला तिच्यापेक्षा सात मार्क जास्त होते. कडेला काही लिहिलं नव्हतं. मग आणखी काढल्या. जमिनीवर मांडी घालून मी दुपारभर तेच करत बसले. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की कपाटात दोन वेगळे गठ्ठे आहेत. एक सुतळीनं बांधलेला तपकिरी गठ्ठा, आणि एक हिरवा.

अटेंडंटला बोलावून विचारलं, हे असे वेगळे कुणी बांधले.

"परीक्षेच्या सायबांनीच सांगितलं," तो म्हणाला. "हिरवी एका अंगाला ठेव, शेवटाला बघू म्हणाले. आपल्याला काय, सांगितलं तसं केलं."

नावावरच्या पांढऱ्या पट्ट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. मी चांगला डिंक वापरला होता. एकही निघालेली नव्हती.

मला वाईट वाटायला हवं होतं. रडू यायला हवं होतं, निदान संताप तरी. माझ्या रागाला विभागात सगळे वचकून असतात. पण काहीच आलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या जाईपर्यंत मी तशीच बसले, मग उठून गठ्ठे होते तसे बांधले. हिरवा हिरव्याबरोबर आणि तपकिरी तपकिरीबरोबर. ते मी का केलं, हे आजही सांगता येणार नाही. घरी जाऊन भाकरी केली, जेवले, झोपही लागली.

आतले परीक्षक असलेल्या सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी विचारलं. तो बिचकला नाही. उलट समजावल्यासारखा म्हणाला की त्या दोघांनी सढळ हातानंच मार्क दिले. त्या मुलांची पातळी थोडी कमी असते हे धरूनच चालायचं असतं, म्हणून ती वेगळी घेतली, सगळ्यांना पास केलं, एकालाही नापास केलं नाही. मी म्हणाले, तिचं रीडिंग बरोबर होतं. तो म्हणाला, कुणाचं? क्रमांक होते ना, नावं कुठं होती? आणि तो खरंच गोंधळला होता. आपण काही चुकीचं केलं असं त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. त्याच्याशी भांडायचं मला सुचलं नाही, कारण सव्वीस वर्षांत चौथ्या बॅचकडं मी काय नजरेनं बघत होते ते मला ठाऊक होतं.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. प्रॅक्टिकलला फेरतपासणी नसते, हे मलाही माहीत होतं. एकच वाट होती. परीक्षेची पद्धत बिघडली होती असं संयोजकानं लेखी दिलं, तर विद्यापीठ सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घेऊ शकतं. प्राचार्य म्हणाले, तुम्ही लेखी दिलंत तर मी अडवणार नाही, पुढं पाठवीन. एवढंच की समिती जुलैत येणार आहे, ती जाऊ द्या, मग द्या. समिती येण्याच्या आधीच एम.एस्सी.ची यादी लागून प्रवेश बंद होणार होते. त्यांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. दीड पान झालं. जे घडलं ते सगळं त्यात होतं, आणि एक वाक्य असं होतं की जर्नलांच्या कव्हरचा रंग काही वर्षांपूर्वी मीच ओळखू यावं म्हणून ठरवला होता, आणि एका विद्यार्थिनीनं परीक्षेआधी तो बदलायला सांगितलं असता मी तिला झिडकारलं. या वाक्यापाशी मी अडले. ते काढलं तर पत्र खोटं होत होतं. ठेवलं तर जिनं सुधारणा करायची तिनंच घोळ घातला हे सगळ्या कॉलेजला वाचायला मिळणार होतं. माझी नोकरी जाणार नव्हती, पगार कापला जाणार नव्हता. फक्त हसं होणार होतं. त्या हशाला मी भ्याले. दुसरं कारण शोधून मी बघितलं आहे, सापडत नाही.

एका रविवारी रहिमतपूरला भावाकडं गेले होते. तो सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आला आहे आणि आता शेती करतो. त्याला सगळं सांगितलं, अगदी कव्हराचंसुद्धा. तो उसाला पाणी लावून आला होता, पाय धूत होता. म्हणाला, "पोरगी पास झाली न्हवं? मग झालं की. तू लय मनाला लावून घेऊ नगंस." मी मनाला लावून घेतलंच नव्हतं. तेच तर मला सांगायचं होतं त्याला, की मला काही होत नाही आहे. पण ते कसं सांगतात ते कळलं नाही. वहिनीनं पिशवीत वांगी आणि शेंगा भरून दिल्या आणि मी सांगलीला परत आले.

निकाल लागला. एम.एस्सी.ची यादी लागली. तिच्या प्रवर्गाची ती एक जागा दुसऱ्या कॉलेजच्या मुलाला गेली, फार थोड्या फरकानं. बाकीकडच्या याद्यांत ती आणखी खाली होती. प्रवेश बंद व्हायला चार दिवस होते तेव्हा पत्र माझ्या पर्समध्ये होतं. एक दिवस होता तेव्हाही होतं. त्या दिवशी मी तास घेतले, पेपर तपासले, हळदपेठेतून घरची हळद आणायची राहिली होती ती आणली. संध्याकाळी ऑफिसची खिडकी बंद झाली तेव्हा मी समोरच्या बाकावर बसून क्लार्कला कुलूप लावताना बघत होते.

समिती आली. तीन जण होते. विभागात आले, लॅब बघितली, मग माझ्यासमोर बसून पांढऱ्या पट्ट्यांची पद्धत समजून घेतली. त्यांना ती फार आवडली. त्यांतल्या एका बाईंनी अगदी आस्थेनं विचारलं, की यामुळे मागास घटकांतल्या मुलांना विश्वास वाटतो का, आणि या पद्धतीबद्दल कुणाची काही तक्रार आली आहे का.

मी म्हणाले, "नाही. एकही नाही."

हे खरं होतं. कुणीच तक्रार केली नव्हती. त्यांनी लिहून घेतलं. नंतर त्यांच्या अहवालात आमच्या विभागाचा वेगळा उल्लेख झाला, इतर कॉलेजांनी अनुकरण करावं असा. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये मला गुलाबाचं फूल दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले. ते पत्र आता द्यायला हरकत नव्हती, आणि आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

ऑगस्टमध्ये ती दाखला न्यायला आली. बरोबर तिचे वडील होते, धोतर, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. वसतिगृहातली तिची पत्र्याची पेटी त्यांनी व्हरांड्यात आणून ठेवली होती. दाखल्याआधी विभागाची सही लागते, म्हणून ती माझ्याकडं आली. वडील दारातच थांबले. मी आत या म्हणाले, तर त्यांनी हातानंच राहू द्या म्हणून सांगितलं.

मी सही केली. शिक्का मारला. कागद तिच्या हातात दिला असता तर ती गेली असती. पण तो माझ्या हातातच राहिला आणि मी बोलायला लागले. मोठी उपरती वगैरे झाली नव्हती, तशी मी अजूनही बधिरच होते. फक्त तिनं जाण्याआधी हे तिला कळायला पाहिजे, एवढंच वाटत होतं. मी तिला सांगितलं की तिचं रीडिंग बरोबर होतं. कव्हरामुळं घोटाळा झाला. हिरवी जर्नलं त्यांनी वेगळी काढून तपासली.

ती म्हणाली, "व्हय मॅडम. आमाला म्हाईत हाय."

मी विचारलं, कसं.

"दरसालीच काढत्यात. आमच्या आदीच्या पोरींनी सांगितलं हुतं. म्हणून तर मी कव्हर मागाया आलते." मग म्हणाली, "समिती आली तवा पोरं माझ्या मागं लागली हुती, लिवून दे म्हणून. तुझं रीडिंग बरोबर हाय, तूच दे म्हणाली. मी न्हाई दिलं."

"का नाही दिलंस?"

"मॅडमना ठावं नसंल म्हटलं. मी बी त्यांना धड सांगितलं न्हवतं, नुसतं कव्हर मागितलं. त्यांनीच तर आमच्यासाठी हे समदं काढलं, आन् परक्या माणसांम्होरं त्यांनाच खाली बघाया लावायचं, ते बरं न्हाई. ठावं असतं तर मॅडम गप बसल्या नसत्या, असं मीच सांगितलं पोरांना."

व्हरांड्यात तिच्या वडिलांनी पेटी उचलून खांद्यावर घेतली. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या तोंडून काहीतरी निघेल याची ती वाट बघत होती, आणि ते काय असावं हेही मला कळत होतं. ते बोलणं सोपं होतं. मला आत्ताच समजलं, एवढंच म्हणायचं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमाला कवा कळलं?"

मी म्हणाले, "एप्रिलमध्ये."